गुहेतल्या हातांना पाच बोटं

आमच्या ह्यांना घराबाहेर काढणं म्हणजे विहिरीत पडलेली म्हैस वर काढण्यासारखं आहे. उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यात प्रेसखाली गेली, तेव्हापासून तो हात खिशात जाऊन बसला तो बसलाच. आधी मला वाटलं, होईल सवय. कसली सवय! एका पूजेला ह्यांनी तीर्थाला डावा हात पुढे केला, तर यजमानीणबाई भरल्या घरात म्हणाल्या, "उजवा करा हो भावोजी." उजवा केला, तर तीर्थ फटीतून खाली सगळं लेंग्यावर. झालं! त्यानंतर कुणाची पूजा नाही, कुणाचा गणपती नाही.

तेही मी सोसलं असतं. पण तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्या मुलीचं लग्न, आणि हा मुलीचा बाप म्हणतो काय, तर "कन्यादानाला तुझा भाऊ बसू दे. फोटोवाले नेमके हातांवर कॅमेरा लावतात." मुलगी भरल्या ताटावरून उठून गेली. मी मात्र बोलले, पुष्कळ बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात गणपतीत माझ्या भाचीचा फोन आला. ती राहते नालासोपारा पश्चिमेला, गासच्या अलीकडे. म्हणाली, "आत्या, आमच्या सोसायटीत यंदा देखाव्याला आदिमानवाची गुहा आहे. फॉरेनच्या खऱ्या गुहेसारखी डिट्टो. भिंतीवर हातांचे ठसे आहेत ना, ते मी काढलेत. आणि त्यातल्या कितीतरी हातांना बोटंच कमी आहेत. खऱ्या गुहेत तसेच आहेत, आत्या! काकांना घेऊन ये."

मला तर देवच पावला. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी असला हात भिंतीवर ठेवून गेलं, लपवला नाही, हे ह्यांनी डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा. ह्यांना मात्र काही सांगितलं नाही. "भाचीचा गणपती आहे, नाही म्हणायचं नाही," एवढंच बजावलं आणि रिक्षात कोंबलं. आमच्या उमेळ्यापासून तिथवर रस्त्यात खड्डे की खड्ड्यात रस्ता, देव जाणे. माहेरच्या, निर्मळच्या वाडीतली जास्वंद मांडीवर सांभाळता सांभाळता माझी कंबर गेली. हे आपले बाहेर बघत बसलेले, हात खिशात.

गुहा म्हणजे गोणपाटाला प्लास्टर फासून तपकिरी रंग मारलेला बोगदा. चपला बाहेर. आत वाकून जायचं, आणि वाकलं की तोंडावर फसकन धुराचं मशीन. स्पीकरवर आरती अशी दणदणत होती की आदिमानव असता तर पळून गेला असता. पोरं रेड्याच्या चित्राला टेकून सेल्फी काढत होती. त्या रेड्याच्या कपाळाला कुण्या भाविक बाईने हळदकुंकूसुद्धा लावलं होतं. घ्या!

मी ह्यांना ओढत हातांच्या भिंतीशी नेलं आणि बघते तर काय, सगळ्या हातांना पाच पाच बोटं!

"अगं, हे काय?" मी भाचीला विचारलं. ती रडवेली झाली होती. तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष पुढे आले. कपाळभर गंध, हातात तीर्थाचं भांडं. "ताई, मीच बोटं पुरी करून घेतली सकाळी. बाप्पासमोर खंडित हात बरे दिसतात का? अपशकुन असतो."

नीट बघितलं तर कळत होतं. काही बोटांचा गेरू ओला होता आणि ती बोटं भेंड्यांसारखी जाड होती. ह्यांनीही बघितलं. आधी भिंतीकडे, मग माझ्याकडे. मी कशाला आणलं होतं, ते त्या एका नजरेत ह्यांना कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं करायला गेले आणि ह्यांनाच तोंडावर अपशकुन ऐकवला!

मग माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला! "अहो, तुमचं डोकंच खंडित झालंय का? पोरीने इतक्या मेहनतीने केलं, ते जसं होतं तसं ठेवायला तुमचं काय जात होतं?" मागची रांग थांबली. कुणीतरी आरतीचा आवाज कमी केला. अध्यक्ष आपले "तसं नाही ताई, शास्त्र आहे" करत राहिले.

"अध्यक्ष," हे म्हणाले. "मग ह्याच्या दाताचं काय? तोही पुरा करून घ्या की."

ह्यांनी मूर्तीकडे बोट दाखवलं होतं, ते उजव्या हाताने. हात खिशातून कधी निघाला, मलाही कळलं नाही. अध्यक्षांनी एकदंताकडे बघितलं, मग त्या हाताकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. हे तोच हात पुढे करून उभे राहिले. "द्या तीर्थ."

अध्यक्षांनी पळी ओतली. निम्मं तीर्थ फटीतून गळलं. उरलेलं ह्यांनी प्यायलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला, पूर्वी फिरवायचे तसा. मी जास्वंदीची पुडी छातीशी धरून तशीच उभी. फुलं वाहायची राहिलीच. भाचीने मागून घेतली तेव्हा भानावर आले.

परतताना रिक्षात मी रागानेच बोलत होते, अध्यक्षांना, धुराच्या मशीनला, खड्ड्यांना. मध्येच हे म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, त्या दिवशी त्याने पंगत बघावी."

मी वळून ह्यांच्याकडे बघितलं.

"कन्यादानात तर पाणी हातातून खाली सोडायचंच असतं," हे म्हणाले. "आणि वरून धार तू धरायची असतेस. नीट धर म्हणजे झालं. नाहीतर बडबडीच्या नादात सांडशील माझ्या सोवळ्यावर."