आईची गाणी आणि कार्डांवरची भोकं

मंडळी, इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

आज गावी, अनसिंगच्या घरी पेटीत जुनी कार्डं सापडली. सत्तरच्या दशकात मी विद्यापीठात मराठीच्या सरांसाठी, संगणकाच्या कार्डांवर भोकं पाडायचो. प्रत्येक अक्षराला आकडा ठरलेला, त्या आकड्याची भोकं पाडायची. सरांनी जमवलेल्या गाण्यांत माझ्या आईची, कापूस वेचतानाची गाणीही होती. तेवढी कार्डं मी जपली.

नात म्हणाली, "आबा, वाचून दाखवा ना."

बायको हसली. "जन्मभर मले अडाणी म्हनलं. आता वाचा ना मंग."

मीच पाडलेली भोकं मला वाचता आली नाहीत. आकड्यांची वही सरांकडे होती. सर आता नाहीत, आणि ती गाणी दुसरीकडे कुठे लिहिलेली नाहीत.

तुमच्या घरातलं कुणी तेव्हा विद्यापीठाच्या मराठी विभागात होतं का? वहीचं विचारा आणि लवकर कळवा.