ओठ मिटलेले, दात सुटे

गेल्या दिवाळीनंतर माझा उजवा कान दुखायला लागला. सकाळी उठलं की कानापासून कानशिलापर्यंत ठणका, आणि जांभई द्यायला गेलं की जबडा कट्‌कन वाजायचा. आमच्या घरात कुठल्याही दुखण्याचं निदान आधी सासूबाई करतात, डॉक्टरचा नंबर त्यांच्यानंतर. त्यांनी लसणाचं तेल कोमट करून कानात सोडलं. कान दुखायचा तो दुखतच राहिला, वर दोन दिवस अंगाला फोडणीचा वास.

मग आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, "झोपेत तू करकरा दात खातेस. मला वाटलं, उंदीर झाले."

सासूबाईंनी जागच्या जागी निदान बदललं. "अगं बया, मग कान न्हाय ह्यो. जंत हायेत की पोटात!"

मी बावन्न वर्षांची, शाळेच्या ऑफिसात क्लार्क, आणि शेजारच्या बालवाडीतल्या पोरासारखी वावडिंगाचा काढा पीत बसले. चार दिवसांनी कंटाळून कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी कानात डोकावून सांगितलं, "कान स्वच्छ आहे. दातांच्या डॉक्टरला दाखवा."

दातांची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने माझ्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि दात आवळायला सांगितलं. गालात लिंबाएवढा गोळा उठला. तो तिने जरा दाबला तर मी "आई गं" म्हणून खुर्चीत उडाले. मग तिने हातात आरसा दिला. जिभेच्या कडेला दातांचे ठसे, थेट करंजीला मुरड घातल्यासारखे. गालाच्या आत एक पांढरी रेघ. दाढांचे माथे झिजून सपाट झालेले, आणि खालच्या एका दाढेला बारीक चीर.

"ही चीर खोल गेली तर दाढ काढावी लागेल," ती म्हणाली.

मी लगेच गुन्हा कबूल केला. "कडक भाकरी खाते मी. रोज." सोलापूरच्या माणसाला दाताच्या बाबतीत दुसरा आरोपी सुचणार तरी कोण?

ती हसली. "काकू, मीही सोलापूरचीच. भाकरी दहा मिनिटांत संपते. उरलेला दिवस तुम्ही काय चावता? आत्ता बघा, दात एकमेकांना लागलेत का?"

लागलेलेच होते. म्हटलं, तोंड मिटल्यावर दात मिटणारच की!

"नाही. ओठ मिटलेले, दात सुटे. खाताना, गिळताना लागले तर लागले, एरवी नाही."

बावन्न वर्षं मी दात चुकीचे ठेवत होते, हे ऐकून मला खरंच धक्का बसला. झोपताना दातांवर घालायला ती मापाचं कव्हर करून देणार होती. पण त्याने दाढ सांभाळली जाईल, सवय जाणार नाही. ती दिवसा मलाच पकडायची होती. त्यासाठी घरात जागोजागी खुणा चिकटवायच्या आणि खूण दिसली की दात तपासायचे.

खुणांसाठी मी टिकलीचं पाकीट फोडलं. फ्रिजला एक, ऑफिसातल्या कॉम्प्युटरला एक, स्कूटीला एक, मोबाईलच्या पाठीवर एक. हे म्हणाले, "मला तेवढी लावू नकोस."

आठवडाभर पाळत ठेवली. फ्रिजपाशी दात सुटे. कॉम्प्युटरपाशी थोडे आवळलेले. स्कूटीवर सात रस्ता चौकातल्या गर्दीत घट्ट, पण तिथं कुणाचे सुटे असतील? खरा चोर सापडला मोबाईलवर. पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला, टिकली दिसली, आणि लक्षात आलं की अजून फोन उचललाही नाही तर जबड्याला कुलूप लागलंय.

कारण मला ठाऊक होतं. कुंभारीला आमचं थोडं शेत आहे. ज्वारी हुरड्यात आली की दरवर्षी दीर मित्रमंडळी घेऊन येतात, वीस-बावीस माणसं. ते विचारतात, "वहिनी, येऊ ना?" मी म्हणते, "या की! विचारायचं काय त्यात!" आणि मग पहाटेपासून भाकरी, भरीत, तीन तऱ्हेच्या चटण्या. पाठ मोडते, पण तोंडातून ब्र नाही. तो ब्र मी दाढेखाली चिरडत होते.

"वहिनी, येऊ ना?"

मी दात सोडले. "भाऊजी, हुरड्याला या. पण स्वयंपाक मला जमणार नाही आता."

समोर शेंगा निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला.

"अहो, मग आधी बोलायचं की वहिनी!" दीर म्हणाले. "दरवर्षी आईच फोन करते, 'ये रं, वहिनीला माणसांची लई हौस हाय, न्हाय आलास तर वाईट वाटंल तिला.' आम्ही तर तुमच्यासाठी येतो!"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या गोंधळून म्हणाल्या, "मंग? मानसं आली की तू हसतीस की गं."

हसत होते खरी. मला आधी त्यांचा राग आला, मग माझाच आला, आणि मग इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी.

जानेवारीत सगळे आले, जेवण बाहेरून मागवलं. मी आगटीशी, म्हणजे कणसं भाजायच्या विस्तवाशी, मांडी घालून बसले. सासूबाईंनी कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे माझ्या ओंजळीत ओतले. "खा, गार व्हायच्या आत."

जीभ पोळली. सव्वीस वर्षं त्या शेतातला हुरडा लोकांना वाढला, पण गरम असा मी तो पहिल्यांदाच खात होते.