नको म्हटलेली खोली

नोकरीसाठी निपाणीहून बेळगावला आलो, तेव्हा माझ्या पगारात बसणारी भाड्याची खोली दाखवायला एक एजंट आला होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, हातात किल्ल्यांचा जुडगा. घरमालकाशी फोनवर कानडीत नम्रपणे बोलायचा आणि माझ्याशी मराठीत तितक्याच नम्रपणे.

अनगोळातल्या पहिल्या खोलीत शिरल्या शिरल्या तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. हलला, तेव्हा मागची ओल दिसली. ती त्याच्या शर्टावरही उमटली होती. मी नको म्हणालो. त्यानं आग्रह केला नाही.

दुसऱ्या खोलीची मात्र त्याला खडान्‌खडा माहिती होती. "पाणी सकाळी सहाला येतंय. ह्या खिडकीला वारं लई. शेजारची आक्का कधीमधी आमटी आणून देती."

"तुम्हाला एवढं कसं ठाऊक?"

"दोन म्हैने हितंच झोपतोय की. खोली रिकामी हाय तवर मालक काय म्हणत न्हाय."

मी खोली पसंत केली होती. त्यानं खिळ्यावरचा टॉवेल काढला, दारामागची वळकटी काखेत घेतली आणि जुडग्यातली किल्ली सोडवून माझ्या हातात ठेवली.

"आता तुम्ही कुठं झोपणार?"

"मघाशी तुम्ही नको म्हटलेली हाय की, अण्णा."