तळ्याकाठचा मार
बहरीनमधल्या जुफैरच्या फ्लॅटमध्ये एसी गळून लोकरी कोट भिजला आणि त्या ओल्या लोकरीच्या वासाने शिकत असतानाचा स्कॉटलंडमधला एक शनिवार आठवला. आम्ही तिघे मित्र गाडीने धुक्यातली तळी बघत हिंडत होतो. एका काळ्याशार तळ्यात एकाने पैजेखातर उडी मारली, गारठ्याने हातपाय आखडले आणि तो बुडू लागला. दुसऱ्याने बुटांसकट आत शिरून त्याला केसांना धरून काठावर ओढलं आणि त्याने डोळे उघडताच तोंडावर ठोसे हाणले. "तुझ्या आईला काय सांगणार होतो रे मी?" तो ओरडत होता. ओठ फाटला, दगडांवर रक्त सांडलं. मी आवरायला गेलो, तर माझंही नाक फुटलं. तेव्हा तो मला जनावर वाटला. आता माझा मुलगा तिकडेच शिकायला गेलाय. त्याला असा एक मित्र मिळावा, एवढंच वाटतं.