वेणूचं मागचं दार

आखाड अर्धा सरला होता. रात्रभर कोसळून पाऊस पहाटेला दमला होता, पण आभाळ अजून ओल्या गोणपाटासारखं आगर गावच्या किनाऱ्यावर लोंबत होतं. मासेमारीच्या बंदीचे दिवस. बोटी वर ओढून ताडपत्र्या बांधून ठेवलेल्या. चंदर शेडखाली जाळं सांधत बसला होता. भोक हुडकायचं, कुजलेली कड कापायची, दोरा ओवायचा, गाठ आवळायची. हातांना ते काम पाठ होतं, त्यामुळं चंदरची गरज नव्हती. वैशाखात त्याची बायको वेणू गेली तेव्हापासून बऱ्याच कामांना त्याची गरज पडत नव्हती.

"चंदरभाऊ, नारळी पुनवेला बोट काढायची हाय," विपुल तांडेल म्हणाला. बोट त्याच्या बापाची, आणि चंदर त्याच्या बापापासूनचा खलाशी. "पोरीचं काय ठरलं?"

"बघतो."

"बघतो म्हनून महिना झाला. दुसरा मानूस बघू का?"

"बघतो," चंदर पुन्हा म्हणाला.

पोरगी म्हणजे कल्पिता. वय सतरा. जन्मताना रडायला उशीर केला, मग सगळ्यालाच उशीर केला. उभं राहता येत नाही, बसून सरकत घरभर फिरते. बोलत नाही. हसते तेव्हा मान एका बाजूला जाते. तिला काय हवं, काय नको हे वेणूला कळायचं आणि वेणूला कळायचं म्हणून चंदरला कधी कळून घ्यावं लागलं नाही. बाराव्या वर्षापासून तो बोटीवर. लग्न झालं, पोर झालं, आईबाप गेले, ते सगळं दोन खेपांच्या मधे. वेणू सकाळी मासळीची पाटी घेऊन डहाणूच्या बाजारात जायची, दुपार कलली की परतायची. तेवढ्या वेळात शेजारची रखमीबाय पोरीवर नजर ठेवायची. रखमीबाय चंदरची थोरली बहीण, विधवा, भिंतीला भिंत लागून घर.

कावीळ झाली आणि वेणू आठवड्यात गेली. तेव्हा कल्पिताला रखमीबायच्या लेकीकडं सरावलीला नेऊन ठेवलं. पोर घाबरेल, प्रेताला हात लावेल, आणि तसंही तिला काय समजतंय, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दिवसकार्य आटोपल्यावर परत आणली. घरात वेणूचा फोटो लागला होता, हार घातलेला. कल्पिताने त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून रोज दुपार कलली की ती ओरडू लागली. साधं रडणं नव्हे. अख्खी आळी जागी होईल असं, मनगट चावत, डोकं भिंतीला घासत. अंधार पडेपर्यंत चालायचं.

"मी बाई थकली आता," रखमीबाय एक दिवस उंबऱ्यात येऊन म्हणाली. "तू घरात हायस तवर ठीक. तू दर्यावर गेलास की मी म्हातारी हिला आवरू का सवताला? गुजरातेत आश्रम हाय एक. अशी पोरं ठेवतात. आळीतल्या काळ्याच्या मेव्हण्याला पत्ता ठाव हाय. ओरडायची थांबली तर मी सांभाळीन, माझ्या भावाची पोर हाय. नाय थांबली तर पुनवेआधी नेऊन घाल."

चंदरने मान हलवली. त्याला वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही.

त्याला एकच उपाय ठाऊक होता. पोर ओरडायला लागली की तो तिला उचलून किनाऱ्यावर न्यायचा. दर्या बघितला की माणूस शांत होतं, हे त्याने आयुष्यभर गृहीत धरलेलं. कल्पिता तिथं दुप्पट ओरडायची.

गावातल्या आशाताईने वाट दाखवली. मसोलीला एका संस्थेच्या हॉलमधे दर बुधवारी अशा मुलांच्या आईबापांचा वर्ग भरतो, पोरीला घेऊन जा. चंदर गेला, कारण न जाण्यासाठी काहीतरी म्हणावं लागलं असतं.

सतरंजीवर सगळ्या बाया. त्याला दारात बघून गप्प झाल्या. कोपऱ्यातली एक काळीसावळी, तळासरीकडच्या पाड्यावरची, आपल्या मोठाल्या मुलाला मांडीशी धरून बसलेली. ती मोठ्यानं म्हणाली, "या, या. बायांच्या जाळ्यात बाप्या घावला!"

हॉल हसला. चंदरही हसला असावा, तसं तोंड झालं. ही रूपी. मजुरीवर जाते, तिच्या दिपकला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, पण मिठी मारतो.

शिकवणारी शितल, डहाणू रोडची, तिशीची. खांद्याला ओढणी खोचून ती स्वतः सतरंजीवर बसायची. भरवताना पोराला आडवं करायचं नाही, उशीचा टेका कसा द्यायचा, उचलताना आपली कंबर कशी सांभाळायची हे करून दाखवायची. मग विचारायची, हा आठवडा कसा गेला? बाया भडाभडा बोलायच्या, कोणी डोळे पुसायची. चंदरची पाळी आली.

"दादा, तुम्हाला कसं वाटतं?"

चंदरने खरंच विचार केला. "काय नाय वाटत," तो म्हणाला.

शितलने त्याला पुढं छेडलं नाही. कल्पिताचं ओरडणं मात्र नीट विचारून घेतलं. कधी? कुठं? त्याच्या आधी ती काय करते?

"आधी म्हंजे?"

"ओरडायच्या आधी. कुठं बघते, कुठं सरकते?"

चंदरला सांगता येईना.

"मग पुढच्या बुधवारपर्यंत काही उपाय करू नका. उचलू नका, किनाऱ्यावर नेऊ नका. मनगटाला फडकं गुंडाळा, आणि फक्त बघा."

"बघायचं काम दादाला जमंल," रूपी म्हणाली. "आल्यापासून तेच करतंय बिचारा."

तिचं खरं होतं. चंदर बघत बसला.

दुपार कलली की कल्पिताची मान वळायची, दर्याकडं नाही, घराच्या मागच्या बाजूला. मग ती सरकत सरकत चुलीच्या खोलीतून मोरीपर्यंत जायची. तिथं मागचं दार. दाराला आतून कडी. ती तळहाताने दार थापटायची, आधी हळू, मग जोरात. मग ओरडायची.

मागच्या दाराबाहेर न्हाणीचा दगड आणि पुढं रस्ता. बाजारातून येणारी रिक्षा त्या वळणावर थांबते. वेणू तिथं उतरायची, मासळीचं अंग पुढच्या दारानं घरात नको म्हणून मागं दगडावर हातपाय धुवायची आणि मागच्या दारानं आत यायची. पदराच्या गाठीत मारवाड्याच्या दुकानातले गाठिये असायचे, पोरीसाठी. हे चंदरला माहीत होतं. पण ती वेळ त्याची बोटीवरची, नाहीतर बंदीत शेडखाली पत्ते कुटायची. त्यानं ते कधी बघितलं नव्हतं.

आणि ते दार रखमीबायने लावून घेतलं होतं. गेलेलं माणूस आपल्या वहिवाटीच्या दारानं माघारी येतं. म्हणून वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या दाराला कडी. त्यांच्यात हे असंच चालत आलेलं. चंदरच्या आईचं पुढचं दार असंच वर्षभर बंद होतं, आणि सगळी बोळातून वळसा घालून मागच्या दारानं ये-जा करायची.

चंदर उठला. कडी गंजली होती, दगडाने ठोकली. दार उघडलं.

कल्पिता उंबऱ्यावर बसली. रस्त्याकडं बघत राहिली. रिक्षा आली, गेली. अंधार पडला. ती ओरडली नाही.

रखमीबाय मात्र ओरडली. "मेल्या, ती येईल ना घरात!"

"पोर पन तेच म्हनतेय," चंदर म्हणाला.

रखमीबाय पुटपुटत आपल्या घरात गेली. पण दुसऱ्या दिवशीही पोर गप्प बसली, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी रखमीबायने दाराच्या चौकटीला काळा दोरा बांधला, हळद वाहिली आणि म्हणाली, "असंच राहनार असंल तर जा तू दर्यावर. मी हाय. दिवसभर पन बसंल ती तिथं." चंदरने विपुलला जाऊन सांगितलं, येतो. विपुलने त्याच्या पाठीवर थाप मारली.

बुधवारी त्याने वर्गात सांगितलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. शितल हसली, मग तिचं हसू ओसरलं.

"दादा, ती आईची वाट बघते."

"हां."

"तिला सांगितलंय का, आई गेली?"



"तिला काय सम—" चंदर म्हणू लागला आणि थांबला. ज्या पोरीला रिक्षाची वेळ समजते तिच्याबद्दल हे वाक्य पुरं करता येईना.

"सांगितलं तर परत ओरडंल," तो म्हणाला. "ओरडली तर माझी बहीन ठेवनार नाय. मग आश्रम."

"ओरडेल," शितल म्हणाली. "कदाचित खूप दिवस. मी खोटं नाही सांगणार. घाई पण नाही करणार. तुमचं घर, तुम्ही ठरवा."

रूपी दिपकचे केस सारखे करत होती. "माझ्या सासऱ्याला नेला तवा लोक बोलं, पोराला लांब कर. मी नाय केला. परेताला हात लावू दिला. थंड लागला त्याला. किती दीस नीट जेवला नाय. पन दारात जाऊन बसला नाय."

जायच्या आधी शितलने त्याला, सांगायचं झालंच तर कसं, ते दोन्ही हातांनी दाखवलं. ताटातलं संपलं की दाखवतात तशी खूण, तळवे उलटे करून. त्याच्या जोडीला फोटो, तिची वस्तू, आणि साधे शब्द. देवाघरी, झोपली, गावाला गेली असलं काही म्हणायचं नाही. मेली म्हणायचं.

चंदरने ते काम दोन दिवस पुढं ढकललं. दोन्ही दुपारी कल्पिता उंबऱ्यावर बसली. रिक्षेतून कोणी बाई उतरली की तिची पाठ ताठ व्हायची. बाई दुसरीकडं वळली की पाठ खाली यायची. एका दुपारी हे किती वेळा होतं ते चंदरला बोटीवर कधी दिसलं नसतं. रखमीबायलाही दिसलं नसतं. तिच्या लेखी पोर गप्प होती.

तिसऱ्या दिवशी रिक्षा यायच्या आधी तो तिच्यासमोर उंबऱ्याबाहेर दगडावर बसला. वेणूचं बाजाराचं लुगडं आणलं होतं, धुतलं तरी मासळीचा वास न सुटलेलं. ते कल्पिताच्या मांडीवर ठेवलं. तिनं तोंडाला लावलं आणि हसली, मान एका बाजूला गेली. मग त्यानं भिंतीवरचा फोटो काढून तिच्यासमोर धरला.

"आय," तो म्हणाला. "तुझी आय. मेली."

तळवे उलटे केले.

तिनं रस्त्याकडं बघितलं. त्यानं तिचं तोंड हलकेच आपल्याकडं वळवलं आणि पुन्हा म्हणाला, "मेली. नाय येनार." पुन्हा तळवे. आपला आवाज तो लांबून ऐकत होता. वेणू गेल्यावर हा शब्द त्यानं पहिल्यांदाच उच्चारला होता. लोकांशी बोलताना 'ती गेली' एवढंच.

रिक्षा आली. एक बाई उतरली, समोरच्या आळीत गेली. कल्पिताने चंदरचे हात धरले, त्याचे तळवे सरळ केले. त्यानं ते पुन्हा उलटे केले. तिनं पुन्हा सरळ केले. असं चाललं. मग ती ओरडली.

ती त्याच्या मांडीत ओरडली, त्याच्या दंडाला चावत. त्यानं तिला किनाऱ्यावर नेलं नाही. रखमीबाय धावत आली, लुगडं बघितलं, फोटो बघितला, आणि मटकन बसली.

"सांगितलंस?"

"हां."

"अरे, चांगली गप्प होती की."

"गप्प नव्हती. वाट बघत होती."

पुनवेला आठ दिवस उरले होते आणि आठही दिवस ती ओरडली. दुपारी नव्हे आता. कधी सकाळी, कधी जेवता जेवता. दारात मात्र गेली नाही. काळ्याचा मेव्हणा पत्ता लिहिलेला कागद घेऊन आला, रखमीबायने तो घेतला आणि चंदरच्या पुढ्यात ठेवला. चंदरने बघितला. त्या रात्री चुलीत घातला. सकाळी विपुलकडं गेला.

"नाय येत."

"आता सांगतोस? पुनव उद्यावर आली!"

"आता कळलं."

"खानार काय?"

"जाळी सांधीन. किनाऱ्यावर कोनाची पन."

विपुल चिडला, बापाचं नाव काढून चार शब्द बोलला, मग खाली बघत म्हणाला, "आमचीच दे सांधून. दुसऱ्याची गाठ मना पटत नाय."

नारळी पुनवेला बोटी निघाल्या. ढोल वाजले, नारळ पडले. चंदर घरात होता. कल्पिता भिंतीला टेकून बसली होती, शितलने शिकवलेली उशी पाठीला. सकाळपासून ओरडून ती आता नुसती हुंकारत होती. रखमीबाय दर्यावरून आली, प्रसादाचं खोबरं तिच्या हातावर ठेवलं आणि तिच्याजवळ टेकली.

"कवा थांबंल रे?"

"ठाव नाय."

"ती मसोलीची बाई काय बोलते?"

"तिला पन ठाव नाय."

पोरीच्या मनगटावरचं सुटलेलं फडकं रखमीबायने पुन्हा गुंडाळलं. चंदरला वाटलं आता तरी काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. कल्पिताने खोबरं चावलं. बाहेर कोणीतरी ओरडलं, पाणी आलं. नळ तासभरच चालायचा. चंदर उठला, दोन्ही हंडे घेतले आणि रांगेत जाऊन उभा राहिला.