नऊ-वीसची फाइल

कमानिया गेटजवळच्या पॅथॉलॉजीत लतिका आली की लोकांनी घड्याळ लावून घ्यावं. नऊला पर्स खुंटीला, सव्वानऊला कॉम्प्युटर सुरू आणि नऊ-वीसला नागपूरच्या मुख्य लॅबला पहिली फाइल. पेशंटांचे रिपोर्ट पाठवण्याआधी लाइन नीट चालते की नाही, हे बघायला ती एक चाचणीची फाइल पाठवायची. तिकडचं मशीन ‘मिळाली’ म्हणून कळवायचं आणि ती लगेच पुसून टाकायचं. परक्याचा रिपोर्ट असा उगाच पाठवणं तिला पटेना, म्हणून ती स्वतःचाच पाठवायची. नऊ वर्षं तोच एक.

तो तिने कधी उघडूनच पाहिला नव्हता, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

तिचे वडील, विठोबा, एका फॅक्टरीत लेथवर काम करायचे. पन्नाशीत त्यांचे हात आपोआप हलायला लागले, मग मान, आणि शेवटी लेकीचं नावही त्यांना आठवेना. आजार रक्तातून पुढे जाणारा. छत्तिसाव्या वर्षी लतिकाने तपासणी करून घेतली, रिपोर्ट आला, आणि एवढ्या टापटिपीच्या बाईची हिंमतच झाली नाही. पुसवेना आणि उघडवेनाही. प्रणोती मोठी झाली की बघू म्हणता म्हणता पोरगी बावीस वर्षांची झाली, स्वतःचं लग्नही ठरवून बसली.

यंदा नागपूरहून अंबरीश आला, कुलपं बदलायला. फाइल जाते तेव्हा तिला गणिताचं कुलूप लागलेलं असतं. क्वांटम कॉम्प्युटर पुरेसे मोठे झाले की जुनं कुलूप उघडणार, म्हणून त्यांनाही दाद न देणारं नवं बसवायचं. दुपारी चहा घेताना त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

“ताई, हे कोण आहे?”

प्रत्येक फाइलीखाली आणखी एक ओळ होती. मिनिट तेच, फाइल तेवढीच, पत्ता अनोळखी. जे जे पाठवलं, त्याची एकेक प्रत भलतीकडे जात होती.

“केव्हापासून?”

“नोंदी आहेत तेव्हापासून. अन् हे बघा, रविवारी तुम्ही येतच नाही. तरी बरोबर नऊ-वीसला तिकडून कुणीतरी येऊन बघून जाऊन राहिलं.”

लतिका स्क्रीनजवळ सरकली. “पण कुलूप होतं ना?”

“होतं. आज त्याला ते उघडतही नाही.”

“मग काहून नेऊन राहिला तो?”

“थांबून आहे, ताई. दहा वर्षं, पंधरा वर्षं. मशीन आलं की उघडेल. नवं कुलूप आजपासूनच्या फाइलींना. गेलेल्या काही परत येत नाहीत.”

अंबरीशने ती वाट बंद केली, वरिष्ठांना कळवलं. लतिका खुर्चीवरच बसून राहिली. पेशंटांचे रिपोर्ट एकेकदाच गेले होते, तिचा रोज. कुठल्या तरी खोलीत कुणीतरी तिच्या हजारो प्रती जपून ठेवल्या होत्या आणि त्याला कसलीच घाई नव्हती. तो वाचील तेव्हा आपल्याला अक्षर तरी ओळखता येईल का? आपल्या पोरीचं भविष्य तो आपल्या आधी वाचणार? भीतीपेक्षा तिला त्याचा संताप आला. तिने फोन उचलला.

कांचघर मोहल्ल्यातून प्रणोती घाईघाईने स्कूटीवर आली. “क्या हुआ मम्मी? तब्येत ठीक आहे ना?”

लतिकाने तिला शेजारी बसवलं. आजोबांचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं, नऊ वर्षांचंही सांगितलं. मग फाइल उघडली.

मजकूर तीनच ओळींचा होता. आजार होता.

प्रणोतीने तो दोनदा वाचला. ती चिडेल, रडेल, निदान हात तरी धरेल, असं लतिकाला वाटत होतं.

“और मेरा, मम्मी?”

लतिकाने खणातून तपासणीचा कोरा अर्ज काढला. त्यावर प्रणोतीचं नाव घातलं, वय घातलं. ‘घरात हा आजार कुणाला आहे?’ या रकान्यापाशी तिचं पेन थोडं थांबलं. मग तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘आई’.