गिअरबॉक्सचे अकरा दिवस

साखर कारखान्यात प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा मला पंचविसावं वर्ष चालू होतं. कारखाना शिरूर तालुक्यात, माझं गाव दौंड तालुक्यातलं खुटबाव. रोज मोटरसायकलवरून भीमा ओलांडून जायचो. ऊस संपला की कारखाना झोपतो असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरं तर तेव्हाच आमची धावपळ सुरू व्हायची. ऊस गाळायची मिल उघडायची, तिचे रोलर काढायचे, बॉयलरच्या नळ्या बदलायच्या, आणि पावसाळा सरता सरता सगळं पुन्हा जोडून तयार ठेवायचं. बॉयलर प्रदीपनाची तारीख संचालक मंडळ ठरवायचं. पत्रिका छापल्या जायच्या, पाहुणे यायचे. त्या दिवशी बॉयलर पेटलाच पाहिजे.

हे सगळं काम आधी एका माणसाच्या डोक्यात असायचं. मांडवगण फराट्याचे एक मिल फिटर होते. वय साठीला टेकलेलं, सगळे त्यांना मामा म्हणायचे. कुठला रोलर आधी काढायचा, कुठलं बेअरिंग वर्कशॉपला पाठवायचं, ते परत येईपर्यंत हातात कुठलं काम घ्यायचं, हे त्यांना तोंडपाठ. फारच झालं तर स्टोअरच्या लोखंडी दारावर खडूनं चार ओळी लिहायचे.

मी आलो ते लॅपटॉप आणि गँट चार्ट घेऊन. डाव्या बाजूला कामांची नावं, वर तारखा, आणि ज्या कामाला जितके दिवस तितकी लांब आडवी पट्टी. एक काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर दोन पट्ट्यांमध्ये बाण. ज्या कामाला एक दिवस उशीर झाला तरी शेवटची तारीख हलते, ती पट्टी लाल. चीफ इंजिनिअर साहेबांना हे फार आवडलं. त्यांनी त्याची दारभर मोठी प्रिंट काढून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावली.

पण त्या पट्ट्यांची लांबी मला कोणी शिकवली? मामांनीच. सलग चार दिवस वर्कशॉपमागच्या लिंबाखाली बसून मी विचारत होतो आणि ते सांगत होते. "ह्याला सहा दिवस धरा. आन् पाऊस आसंल तर सात. क्रेनवाला कवाच येळंवर येत न्हाई, त्याचा एक वाढवा." मी टाइप करत गेलो. चार्टवर नाव मात्र माझं आलं. मामांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट नवीन माणसाला माझ्याकडं पाठवायचे, "जा, सायबांच्या तक्त्यात बघून ये."

चीफ साहेबांची एक सवय होती. चार्ट समोर ठेवला की प्रत्येक पट्टीतून ते दोन-चार दिवस कापायचे. "दहा कशाला? आठमध्ये करा." पहिल्या वर्षी त्यांनी असे दिवस कापले, मग कामं लांबली आणि बोलणी मी खाल्ली. म्हणून दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. मिलचं सेटिंग झाल्यावर गिअरबॉक्स तपासायला बाहेरच्या कंपनीचा माणूस येणार होता. कंपनीच्या पत्रात चार दिवस लिहिले होते. मी चार्टवर पंधरा दाखवले. बाहेरच्या कंपनीचं काम म्हणून चीफ साहेबांनी त्याला हात लावला नाही. अकरा दिवस माझ्या खिशात राहिले. हे मी कोणालाही सांगितलं नाही, मामांनाही नाही. मिल ठरलेल्या तारखेला तयार झालीच पाहिजे, नाहीतर प्रदीपन हुकतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मिलचं सेटिंग म्हणजे दोन रोलरमधलं अंतर बसवणं. त्यात मामांचा हात धरणारा आमच्याकडं कोणी नव्हता. बॅटरी मारून फटीत बघायचे, गेज लावायचे, बोट फिरवून 'हं' म्हणायचे. त्या वर्षी ते गेज वाचायला दुसऱ्याला सांगत होते. मान एका बाजूला कलती करून बघायचे. एकदा पायरी चुकून रेलिंगला धडकले. हे मी पाहिलं होतं. 'म्हातारपण आलं' असं मनात म्हटल्याचंही आठवतं.

एके दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. टोपी हातात होती.

"सायेब, धा दिवस रजा पायजे व्हती. डोळ्याचं आप्रेशन सांगितलंय पुन्याला."

"आत्ता?"

"लवकर करा म्हणत्यात."

मी म्हटलं, "मामा, मिल तुमच्यावर आहे. तुम्हीच गेलात तर कसं व्हायचं?" आणि खुर्ची फिरवून भिंतीवरच्या चार्टवर बोट ठेवलं. "हे बघा, हे लाल. हे एक दिवस जरी हललं तरी प्रदीपन हलतं."

मामा पुढं आले. आणखी पुढं आले. नाक कागदाला लागेल इतके वाकले.

"कुठं लाल?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांना तक्ता वाचता येत नाही. मी त्यांचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. "हे इथं."

"आस्सं," ते म्हणाले. "मंग मिल झाल्यावर जाऊ का?"

"मिल झाली की दुसऱ्या दिवशी जा. मग महिनाभर आलात नाही तरी चालेल."

"व्हय," म्हणून ते गेले. कुठलं ऑपरेशन, डॉक्टर नेमकं काय म्हणाले, हे मी विचारलं नाही. गावाकडं डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू थांबतो, एवढं मी गृहीत धरलं. ते गेल्यावर लॅपटॉपवर गिअरबॉक्सची पट्टी उघडून बघितली. पंधरा दिवस. अकरातले दहा काढून देता आले असते. एक क्षण हात माउसवर गेला होता. पण दिवस काढायचे म्हणजे ते आधी लपवले होते हे चीफ साहेबांना कळणार. मी फाइल बंद केली.

त्याच आठवड्यात दोन वेल्डरांना गावच्या सोसायटीच्या निवडणुकीसाठी मी तीन-तीन दिवस सोडलं. त्यांच्यासाठी एका संचालकांचा फोन आला होता. मामांसाठी फोन करणारं कोणी नव्हतं.

मामांनी रजा मागितली त्या दिवसापासून एकोणीस दिवसांत मिल तयार केली. चार्टवरच्या तारखेला, एक दिवसही न चुकवता. दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले. गिअरबॉक्सचा माणूस आला, चार दिवसांत काम उरकून गेला. पुढचे अकरा दिवस आम्ही काय केलं ते मला नीट आठवतं. रेलिंगला पिवळा रंग दिला. गेटजवळ कुंड्या मांडल्या. माणसं सावलीला बसून पत्ते खेळली. प्रदीपनाच्या दिवशी चीफ साहेबांनी भाषणात नियोजनाचं कौतुक केलं आणि मला पुढं बोलावून नारळ दिला. टाळ्या वाजल्या.

मामा हंगामात परत आलेच नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी टाइम ऑफिसमधल्या कारकुनाकडून कळलं. मोतीबिंदू नव्हताच. डोळ्याच्या आतला पडदा सुटत होता. पुण्याला पोहोचेपर्यंत तो पुरता सुटला होता. ऑपरेशन केलं, पण उजवा डोळा गेला. डाव्यानंही अंधुकच दिसतं, त्यालाही धोका आहे, जपायला सांगितलंय.

मी भेटायला गेलो नाही. आधी हंगाम आहे म्हणून, मग हंगाम संपला म्हणून. वर्षभरात नोकरी सोडली आणि शिरूरजवळच्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात लागलो. पुढं स्वतःचं छोटं काम सुरू केलं. गोदामाचं बांधकाम, शाळेची नवी इमारत, दौंडच्या एका दवाखान्याचा वाढीव मजला, नव्या मशीनची उभारणी, जिथं म्हणतील तिथं चार्ट करून देतो. धंदा कुठलाही असला तरी पट्ट्या तशाच. आणि प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी रजा मागायला येतंच.

दवाखान्याच्या कामावर एक प्लंबर आला. बायकोचं बाळंतपण होतं, आठवडा मागत होता. मी सवयीनं चार्टकडं बोट दाखवलं आणि बोट तिथंच राहिलं. त्याला म्हटलं, "जा." तो थँक्यू म्हणत होता आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. पुढच्या रविवारी मी मांडवगणला गेलो. मधे सहा वर्षं गेली होती.

मामांचं घर बुद्धविहाराच्या मागं. ते ओट्यावर बसून पाण्याची मोटर दुरुस्त करत होते. उघडलेल्या मोटरमध्ये बोटं फिरत होती, नजर भलतीकडं. आवाजावरून मला ओळखलं.

"खुटबावचं सायेब का? या, या. आगं, पावनं आल्यात, च्या टाक."

मामी चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. मी इकडचं तिकडचं बोललो. मग एकदम सांगून टाकलं. गिअरबॉक्सला चारच दिवस लागणार होते हे मला माहीत होतं. तुम्ही रजा मागितली त्या दिवशीही माहीत होतं. मी दिवस लपवले होते, आणि ते उघडे पडू नयेत म्हणून तुम्हाला थांबवलं.

मामांचा हात मोटरवरच थांबला.

"किती व्हते?"

"अकरा."

मग मामा सावकाश म्हणाले, "दिवस आमीबी मागं ठिवायचो. चीफसायबाला कळू देत नव्हतो. पन आपल्या मान्सांना म्हाईत आसायचं, कुनाला अडचन आली तर कुठनं काढायचं त्ये."

"चुकलं माझं, मामा."

"चुकलंच." ते म्हणाले. "तुमी इचारलं न्हाई, कसलं आप्रेशन. आन् मीबी सांगितलं न्हाई. मिल बसवनाऱ्या मान्सानं दिसंना म्हनायचं, लाज वाटली मला. डाक्टर तर म्हनला व्हता, आठ दिसांच्या आत या."

"आधी गेला असतात तर डोळा वाचला असता का?"

"त्ये त्योबी सांगंना. म्हनला, वाचलाबी आस्ता. आता कुनाला म्हाईत?"

मामी उठल्या, माझ्या पुढची अर्धी भरलेली कपबशी उचलली.

"ह्ये सांगाया सा वर्सं लागली व्हय तुमाला?" त्या म्हणाल्या. "रातच्याला उठून भितीला हात लावत मोरीत जात्यात ह्ये. पडून दोनदा डोकं फुटलं. आन् आता येऊन सांगताय, दिवस व्हते म्हून. सांगून तुमाला बरं वाटलं. आमी काय करायचं त्याचं?"

मामा म्हणाले, "आगं, ऱ्हाऊ दे." त्यावर मामी म्हणाल्या, "का ऱ्हाऊ दे?" आणि आत निघून गेल्या.

मी उठलो. मामा रस्त्यापर्यंत सोडायला आले, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून. मला वाटलं, आता ते माफ केलं म्हणतील. ते म्हणाले, "डाव्या डोळ्याला सा म्हैन्यानं तपासाया बोलावत्यात पुन्याला. पोरगं लांब हाय, आन् यष्टीनं जायाचं म्हंजी मला पायरी दिसत न्हाई. तुमच्याकडं गाडी हाय ना?"

"आहे."

"मंग पुढल्या टायमाला या."

तेव्हापासून वर्षातून दोनदा मी त्यांना नेतो. सकाळी लवकर मांडवगणहून निघतो, दवाखान्यात नंबर लावतो, डोळ्यात थेंब घातले की दोन तास बाकावर बसून राहतो. आता मी काम घेतलं की चार्टमध्ये वरची पट्टी राखीव दिवसांची असते, तसंच नाव देऊन, सगळ्यांना दिसेल अशी. काही मालक ती बघून कापतात. एकदा त्यामुळं काम नऊ दिवस लांबलं आणि पुढचं कंत्राट गेलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण हेही खरं, की जुन्या चीफ साहेबांना मी आजवर काही सांगितलेलं नाही. कारखान्यात अजून त्या वर्षीच्या नियोजनाचं नाव निघतं, आणि कोणी मला तसं म्हणालं की मी नुसता हसतो.

डाव्या डोळ्याची उरलेली नजर अजून शाबूत आहे. गेल्या खेपेला डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मामा हसले. मामी दर वेळी बरोबर असतात, गाडीत मागच्या सीटवर बसतात. जाताना आणि येताना मामांशी बोलतात, पावसाचं, मुलाचं, विहारातल्या कार्यक्रमाचं. माझ्याशी त्या अजून एक शब्दही बोललेल्या नाहीत.